विजेच्या यंत्रावर साखळी-करवतीस धार लावताना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा आमचे भाषण शिक्षणावर होईल अशी त्यांची अपेक्षा असावी. निवृत्त शाळामास्तराने बोलावयाचे ते शिक्षणावरच, असा आपल्याकडील रिवाज आहे. तथापि यंदा आम्ही विषय निराळा घेतला आहे, व तो घेण्यास कारणही तसेच घडले आहे. गेल्या वर्षभरात आपल्या ज्ञातीतील एका होतकरू तरुणाचा उजवा डोळा अधू झाला. लाकूड तोडीत असता हा अपघात झाला नाही, की झाडावरून पडूनही झाला नाही. घरच्या पडवीत बसून तो विजेच्या यंत्रावर साखळी-करवतीस धार लावीत होता. पोलादाचा एक तापलेला कण उडाला आणि डोळ्यांत रुतला. चष्मा खुंटीवर होता. त्या कुटुंबाचे नाव आम्ही येथे घेणार नाही, परंतु मुलाचे वडील स्वतः आमच्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या पोराचे झाले ते झाले, बाकीच्या पोरांना तेवढे सांगा.” त्यांचा हा निरोप आपणापर्यंत पोहोचविणे हेच आमच्या आजच्या भाषणाचे प्रयोजन होय.

धार ही वस्तू आपणांस नवी नाही. पटाशी पथरीवर घासावी, करवतीचा एकेक दात तिकोनी कानशीने उजळावा, रंध्याचे पाते नखावर लावून पाहावे, हे शिक्षण आपल्या घरांत मुळाक्षरांच्याही आधी मिळत असे. दिवसाचे काम उरकल्यावर हत्यारांस धार लावून ती जागच्या जागी ठेवल्याखेरीज जुनी माणसे हातपाय धुवीत नसत. त्या कामात घाई नव्हती, व हत्यार हातानेच चालत असल्यामुळे धोकाही बेताचाच होता. फार तर बोट कापे, हळद दाबली की भागे.

गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या हातांत निराळे हत्यार आले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले, आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या बाजूंच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाने किनारपट्टीस पुन्हा झोडपले. रस्त्यांवर, घरांवर, विजेच्या तारांवर पडलेली झाडे हाताच्या करवतीने कापून कधी उरकणार? त्या दिवसांत साखळी-करवतीची, म्हणजे चेन-सॉची, खरी गरज गावोगाव पटली. आपल्या तरुणांनी ती यंत्रे घेतली, काम मिळाले, चार पैसे गाठीस आले. ही समाधानाचीच गोष्ट आहे. करवत आली तशी तिच्या पाठोपाठ तिला धार लावणारी छोटी विजेची यंत्रेही आली. मेजावर बसविता येतील इतकी ती लहान असतात व दिसण्यात अगदी निरुपद्रवी वाटतात. धोका नेमका तेथेच आहे. करवत हातात घेताना मनुष्य सावध असतो, कारण तिचा आवाजच त्यास सावध करतो. धार लावण्याचे यंत्र मात्र शिवणयंत्रासारखे घरगुती वाटते, आणि सावधगिरी सुटते.

यंत्राकडे वळण्यापूर्वी साखळीचा दात कसा आहे हे समजून घेणे अवश्य आहे. पूर्वीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीच्या दातांप्रमाणे लाकूड ओरबाडीत असत, व ते लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचे एक गृहस्थ लाकडे फोडीत असता, एका ओंडक्यातील भुंग्याची अळी त्यांच्या दृष्टीस पडली. एवढीशी अळी, पण आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीउजवीकडे लाकूड कुरतडीत लीलया पुढे चालली होती! त्या जबड्यांचा आकार मनात धरून त्यांनी पोलादी साखळीचे दात घडविले, आणि १९४७ साली त्यांचा कारखाना सुरू झाला. आज आपल्या हाती असलेल्या साखळीतील दात त्याच वळणाचा आहे. एक दात डावा, एक उजवा, अशी त्यांची रांग असते. प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल शिरावे, हे तो उंचवटा ठरवितो. दाताचे टोक आणि हा उंचवटा यांच्या उंचीतील अंतर पुष्कळशा साखळ्यांत ०.६५ मिलिमीटरच्या जवळपास असते. म्हणजे पोस्टकार्डाच्या दोनतीन जाडींएवढे. एवढ्या सूक्ष्म अंतरावर करवतीची सारी चाल अवलंबून आहे.

दात बोथट झाला हे कसे ओळखावे? धार असलेली साखळी लाकडाच्या जाड चिपा काढते. बोथट साखळी पीठ काढते. पीठ पडू लागले, करवत दाबावी लागली, काप एका अंगास ओढू लागला, की थांबावे. बोथट करवत दाबून चालविणारा मनुष्य थकतो, त्याचा तोल जातो, आणि करवत उसळते. यासाठी वेळेवर धार लावणे ही देखील सुरक्षिततेचीच बाब होय. साखळी एकवार जमिनीस टेकली, वाळूत फिरली किंवा खिळ्यावर गेली, तर नवी धारही क्षणात जाते, हे वाडीत काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आता यंत्र. त्यात एक पातळ एमरीचे चाक असते. विजेच्या बळावर ते वेगाने फिरते आणि खाली पकडीत धरलेल्या साखळीच्या दातास घासते. हा वेग किती, याचे गणित आम्ही शाळेच्या फळ्यावर मांडतो तसे मांडून दाखवितो. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर धरा. त्याचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर झाला. मिनिटास ३,००० फेरे, म्हणजे सेकंदास ५०. म्हणून चाकाची कड दर सेकंदास सुमारे १५.७ मीटर धावते. तासाचा हिशेब केला तर ५६ किलोमीटरांहून अधिक. हमरस्त्यावरील एस. टी. गाडीच्या वेगाने धावणारी कड आपल्या तोंडापासून हातभर अंतरावर असते! आणखी एक गोष्ट अशी की, वेग दुप्पट केला तर चाकास फाडू पाहणारा जोर चौपट होतो. चाकावर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये, हा नियम याच गणितातून निघाला आहे. बाजारात स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही चाक कोणत्याही यंत्रास लावणे म्हणजे जाणूनबुजून संकटास आमंत्रण देणे होय.

यंत्र सुरू करण्यापूर्वीची तयारी येणेप्रमाणे असावी.

प्रथम डोळे. घरातील वाचावयाचा चष्मा यासाठी चालत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजू उघड्या असतात. बाजूंनी बंद असलेला, स्वच्छ काचेचा संरक्षक चष्मा घ्यावा. घेताना त्यावर आय.एस. ५९८३ हे भारतीय मानकाचे चिन्ह आहे काय, ते पाहावे. एकच दात घासावयाचा असला तरी तो चष्मा डोळ्यांवर हवा. कण उडावयास एक दातही पुरतो. एमरीची व पोलादाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मास्क बांधावा.

दुसरी गोष्ट अंगावरील वस्त्रांची. लोंबता पंचा, सैल बाही, गळ्यातील साखळी, मनगटातील दोरा यांपैकी काहीही फिरत्या चाकाजवळ असू नये. साखळी हाताळताना बोटे कापू नयेत म्हणून चामड्याचे घट्ट मोजे ठीक आहेत. परंतु सुती सैल मोजे घालून चालू यंत्राशी बसू नये, कारण त्यांचा धागा चाकात गुंतला तर हातही ओढला जातो.

तिसरी गोष्ट विजेची. आपल्या घरांत २३० व्होल्टची वीज खेळते. यंत्रास तीन पायांचा प्लग असेल तर तिसरा पाय मोडून तो दोन भोकांत बसवू नये. तो पाय जीव राखण्यासाठीच आहे. पावसाळ्यात पडवीची जमीन ओलसर असते, तेथे पायांत रबरी चप्पल आणि खाली कोरडी फळी असावी. घराच्या फलकात ३० मिलिॲम्पियरचा आर.सी.सी.बी. बसविला, तर वीज गळताच प्रवाह आपोआप तुटतो. धार लावण्याच्या यंत्रापुरताच नव्हे, साऱ्या घरास त्याचा उपयोग आहे. चाक बदलताना व यंत्राची कोणतीही जोडणी करताना प्लग भिंतीतून काढून ठेवावा; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

चौथी गोष्ट जागेची. यंत्र मेजास बोल्टांनी घट्ट आवळलेले असावे. आपली घरे सुताराची. कोपऱ्यात भुसा व छिलके असावयाचेच. ठिणगी भुशात पडली तर लगेच पेट घेत नाही. ती आत धुमसत राहते, आणि घर झोपल्यावर आग वर येते. यास्तव काम करण्यापूर्वी जागा झाडून घ्यावी, साखळीवरील तेल व चिकट भुसा पुसून काढावा, आणि जवळ वाळूची एक बादली ठेवावी. मुलांना ठिणग्यांची मौज वाटते व ती समोर येऊन बसतात. त्यांना त्या ठिकाणाहून दूर करणे हे घरातील प्रत्येकाचे काम आहे. विजेरी धरण्यासाठी म्हणून घरातील माउलीस चाकासमोर उभे करणे हेही तितकेच चूक. उजेड हवा असेल तर दिवा टांगावा.

चाक बसविण्याचा विधी थोडा सविस्तर सांगतो. आपण बाजारात मडके घेताना ते वाजवून घेतो. तद्वतच नवे चाक वाजवून घ्यावे. भोकात काडी घालून ते लोंबते धरावे आणि लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर चाक बहुधा शाबूत. बद्द आवाज आला तर आत तडा समजावा. मात्र काही चाके राळेने बांधलेली असतात, त्यांचा नाद मुळातच मंद असतो. म्हणून नादाबरोबर डोळ्यांनीही दोन्ही बाजू न्याहाळाव्यात. जमिनीवर पडलेले चाक, वरून धड दिसले तरी, पुन्हा लावू नये. चाकाच्या दोन्ही अंगांस कागदाच्या चकत्या असतात. त्या निरुपयोगी समजून फेकू नयेत, दाब सारखा वाटला जावा म्हणून त्या दिलेल्या असतात. नट बेताने आवळावा. मग झाकण लावून, चाक हाताने एकवार फिरवून पाहून, यंत्र सुरू करावे. आणि पहिले मिनिटभर समोर न राहता बाजूस उभे राहावे. चाक फुटावयाचे असेल तर पुष्कळदा त्या पहिल्या मिनिटातच फुटते, आणि तुकडे चाकाच्या रेषेत धावतात. झाकण अडचण करते म्हणून ते काढून काम करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की, ती अडचण सोसावी.

आता प्रत्यक्ष घासणे. साखळीचे माप व कोन तिच्या वेष्टनावर किंवा करवतीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. सामान्यतः वरच्या पात्याचा कोन ३० अंशांचा असतो, परंतु आपल्या साखळीचा कोन वाचूनच यंत्र त्यावर लावावे. चाकाची जाडीही साखळीच्या मापाप्रमाणे घ्यावयाची असते. लहान साखळीस सुमारे ३.२ मिलिमीटर, मोठीस ४.७ मिलिमीटरच्या आसपास. सर्वांत लहान झालेला दात शोधून त्याच्या मापाने सुरुवात करावी, म्हणजे पुढे सर्व दात सारख्या लांबीचे होतात. पहिल्या दातावर खडूची खूण करावी, अन्यथा कोठून आरंभ केला हे कळत नाही. आधी एका बाजूचे सर्व दात घ्यावेत; मग यंत्र बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावर, कोन फिरवून दुसऱ्या बाजूचे घ्यावेत.

दातावर चाक टेकवावयाचे ते क्षणभर. टेकवावे, उचलावे, पुन्हा टेकवावे, उचलावे. दाबून धरल्यास दात तापतो व निळा पडतो. निळा पडला म्हणजे पोलादाचे पाणी बिघडले, असे लोहारकाम जाणणारा कोणीही सांगेल. अशा दाताची धार टिकत नाही, किंवा तेथील पोलाद असे कडक व ठिसूळ होते की पुढे कानसही त्यावर घसरते. हे यंत्र वेळ वाचविते हे खरे; पण दोन मिनिटे वाचविण्याच्या लोभाने दाबणारा मनुष्य अखेर साखळीच गमावतो. दातापुढील उंचवटा दर चारपाच धारांनंतर मापाने तपासावा. तो प्रमाणाबाहेर उतरविला तर दात लाकडात एकदम खोल शिरतो, आणि पट्टीचे टोक वरच्या अंगाने लाकडास लागताच करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. म्हणजे यंत्रावरची निष्काळजी तेथेच संपत नाही. ती दुसऱ्या दिवशी झाडाखाली आपला हिशेब मागते, आणि तेथे करवत धरणारा हात कदाचित धाकट्या भावाचा असतो.

काम संपल्यावर चाक आपोआप थांबू द्यावे. लाकडाच्या तुकड्याने वा हाताने ते अडवू नये. साखळीवरील एमरीची पूड पुसून तिला तेल द्यावे. अर्ध्या तासाने पुन्हा त्या जागी येऊन भुशात कोठे धूर नाही ना, ते पाहावे.

इतके करूनही डोळ्यांत कण गेलाच तर काय करावे? डोळा चोळू नये, हे पहिले. स्वच्छ पाण्याची धार सोडून डोळा धुवावा. कण तरीही बोचत असेल तर पदराच्या टोकाने किंवा काडीने काढण्याचा प्रयत्न करू नये. पोलादाचा कण बुबुळावर राहिला तर थोड्याच काळात तेथे गंजाचे वर्तुळ धरते, आणि मग काम अवघड होते. म्हणून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. कण आत घुसला आहे अशी शंका असल्यास डोळा धुण्याच्याही भानगडीत पडू नये. त्यावर दाब न देता कागदी पेल्यासारखे काही झाकण अलगद ठेवून रुग्णास तत्काळ इस्पितळात न्यावे. आमच्या ओळखीच्या त्या तरुणाच्या बाबतीत तीन दिवस घरगुती उपायांत गेले. डॉक्टरांनी कण काढला, परंतु गेलेली दृष्टी सगळी परत आली नाही. आज तो ओळंबा धरतो तेव्हा मान वाकडी करून डाव्या डोळ्याने पाहतो. वडील समोर असले की तो मान सरळ ठेवण्याचा प्रयत्न करतो. आणि वडिलांच्या ते ध्यानात येते.

बंधुभगिनींनो, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात पस्तिसावे कलम खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी घातलेले होते. ज्या कामात कण उडतात, तेथे कामगारांस चष्मे किंवा पडदे पुरविणे मालकावर बंधनकारक, असा त्याचा आशय. आपल्या पूर्वसूरींनी स्वातंत्र्य मिळताच ज्या गोष्टींचा विचार केला, त्यांत कामगाराच्या डोळ्यांचाही विचार होता, हे आपण विसरू नये. परंतु असा कायदा आपल्या पडवीत येत नाही. तेथे मालक आपण, कामगार आपण, आणि निरीक्षकही आपणच. म्हणून आम्ही आज केवळ यंत्र चालविणाऱ्यांस सांगत नसून साऱ्या कुटुंबास सांगत आहो. “चष्मा घातल्याशिवाय बटण दाबायचे नाही,” हे आई म्हणू शकते, बहीण म्हणू शकते, शाळेत जाणारे पोरही म्हणू शकते. आणि ते ऐकून घेण्यात कोणाही कारागिराचा कमीपणा नाही.

यंत्र घेऊच नये काय, असा प्रश्न काही मंडळी विचारतील. आमचे तसे म्हणणे नाही. दगडावर गेलेली, दात वेडेवाकडे झालेली साखळी यंत्रावर जशी सारखी होते, तशी हाताने करण्यास फार कौशल्य लागते. परंतु रोजच्या धारेस गोल कानस पुरेशी आहे. साखळीच्या मापाप्रमाणे ४, ४.८ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस घ्यावी, प्रत्येक दातास आतून बाहेर असे दोनतीन सारखे हात द्यावेत. धातू कमी झिजतो, दात तापत नाही, ठिणगी उडत नाही, आणि साखळी अधिक दिवस चालते. रोज कानस व अडल्यावेळी यंत्र, ही वाटणी आम्हांस योग्य वाटते.

अखेरीस मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. आपल्या सभागृहात वर्षातून एका रविवारी जाणत्या कारागिरांकडून या यंत्राचे प्रात्यक्षिक व्हावे, व त्यास कुटुंबातील स्त्रियांनीही यावे. तसेच, ज्या सभासदाच्या घरी असे यंत्र आहे त्याने मंडळाकडे तसे कळवावे, म्हणजे प्रत्येक यंत्रामागे एक संरक्षक चष्मा मंडळाच्या निधीतून देता येईल. रक्कम मोठी नाही. पहिल्या पाच चष्म्यांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याचे योजिले आहे, त्याचा स्वीकार व्हावा. येत्या खंडेनवमीस आपण पटाशी, रंधा, वाकस आणि करवत पाटावर मांडून त्यांस हळदकुंकू वाहू, तेव्हा तो चष्माही त्याच पाटावर असावा.